गट शांत पडत चाललाय? आधी उत्तर न मिळालेली माणसं शोधा

आमचा गट लहान ग्रंथालयांसाठी पुस्तकांच्या नोंदी ठेवणारं एक ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं, सॉफ्टवेअर सांभाळतो. पगार कुणालाच नाही. नोकरी, शिक्षण, घर सांभाळून रात्री नाहीतर सुट्टीच्या दिवशी सगळे काम करतात. मी त्यात अकरा वर्षं आहे. एक काळ असा होता की सकाळी उठून बघावं तर रात्रीतून चार नवे प्रश्न, दोन पॅच (कुणीतरी लिहून पाठवलेल्या कोडच्या दुरुस्त्या) आणि एखादा कडाक्याचा वाद येऊन पडलेला असायचा. मग हळूहळू आठवडेच्या आठवडे कुणी काही बोलेना. मासिक बैठकीला आम्ही तिघं उरलो, त्यातही दोघांचे कॅमेरे बंद.

त्यातून वर यायला आम्हाला दोन वर्षं लागली. काय केलं आणि त्यातलं काय कामी आलं ते इथे मांडते. त्या काळात हे कुणी मला सांगितलं असतं तर निदान दोन चांगली माणसं आमच्या हातून गेली नसती.

आधी मोजा

"हल्ली कुणी नसतंच" असं वाटतं तेव्हा ते बहुतेक खरंच असतं, पण नेमकं काय बिघडलंय ते त्यातून कळत नाही. एकूण संदेशांचा आकडा घेऊन बसू नका. दोघांचा वाद पेटला की तो फुगतो आणि सगळं आलबेल आहे असं वाटायला लागतं. मी मागच्या चार वर्षांचे तीन-तीन महिन्यांचे तुकडे पाडले आणि वहीत प्रत्येक तुकड्यासमोर पाच रकाने आखले. किती वेगवेगळ्या माणसांनी काही ना काही केलं. त्यात पहिल्यांदाच आलेले किती. त्यांच्यापैकी दुसऱ्यांदा आले किती. नव्या माणसाला पहिलं उत्तर मिळायला किती दिवस लागले. आणि सगळ्यात जास्त काम करणाऱ्या दोघांची नावं झाकली तर मागे काय उरतं.

कोडपुरतं हे सोपं आहे. कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिट या साधनाच्या शॉर्टलॉग कमांडला तारखा दिल्या की माणसागणिक कमिटची, म्हणजे नोंदवलेल्या बदलांची, संख्या हातात येते. एकच माणूस दोन ईमेल पत्त्यांनी काम करत असेल तर तो दोनदा मोजला जातो, तेव्हा मेलमॅप फाइलमध्ये ते पत्ते आधी जोडून घ्या. पण कमिट म्हणजे गट नव्हे. प्रश्नांना उत्तरं देणारे, चाचणी करणारे, मदतपुस्तिका लिहिणारे त्या यादीत दिसतच नाहीत. ते हातानेच मोजावे लागतात. मला दोन रविवार लागले.

त्या दोन रविवारांनी माझी समजूतच उलटी केली. नवीन माणसं येतच नाहीत असं आम्ही धरून चाललो होतो, आणि त्यांना आणण्यासाठी मोठी मोहीम काढायच्या बेतात होतो. वहीत दिसलं ते असं की पहिल्यांदा येणाऱ्यांची संख्या जवळजवळ पूर्वीइतकीच होती. "दुसऱ्यांदा आले" हा रकाना मात्र रिकामा पडत गेला होता.

तुमच्याकडे वेगळं निघू शकतं. कधी सॉफ्टवेअरच पिकलेलं असतं, त्यात विचारण्यासारखं फारसं उरत नाही. ती शांतता चांगली, तिच्या मागे लागू नका. कधी माणसं असतात, पण बोलणं खासगी गप्पांमध्ये गेलेलं असतं. आणि कधी माणसं थकलेली किंवा दुखावलेली असतात. तिन्हींवरचे उपाय वेगळे, म्हणून मोजणी टाळू नका.

उत्तर न मिळालेले

आता ज्यांना उत्तरच मिळालं नाही अशांची यादी करा आणि प्रत्येक प्रकरण पहिल्या अक्षरापासून वाचा. आमच्या यादीत एकोणीस नावं निघाली. त्यातलं एक मला अजून आठवतं.

पुस्तकावर छापलेल्या दहा अंकी आयएसबीएन या ओळख क्रमांकामधला शेवटचा अंक तपासणीचा असतो. पहिल्या अंकाला १० ने, दुसऱ्याला ९ ने असं उतरत गुणत जायचं आणि सगळ्यांची बेरीज ११ ने नि:शेष भागली गेली की क्रमांक बरोबर. ११ ने भाग जायला शेवटी कधी कधी १० हवे असतात. ते एका घरात मावत नाहीत, म्हणून तिथे रोमन दहा, म्हणजे एक्स, लिहितात. आमच्या कोडला मोठ्या लिपीतला एक्स कळायचा. कुणी छोटा एक्स टाइप केला की तो पुस्तकाचा क्रमांकच चुकीचा ठरवायचा. २००७ पासून आयएसबीएन तेरा अंकी झाले आणि त्यांची तपासणी वेगळ्या रीतीने होते, त्यामुळे नव्या पुस्तकांना हा त्रास नव्हता. पण लहान ग्रंथालयांच्या कपाटात जुनीच पुस्तकं जास्त असतात.

एका तरुणाने हे शोधलं, चार ओळींचा पॅच लिहिला, सोबत चाचणीही जोडली. तेविसाव्या दिवशी त्याने खाली लिहिलं, "काही चुकलं असेल तर सांगा, दुरुस्त करतो." एकेचाळिसाव्या दिवशी त्याने स्वत:च तो पॅच बंद केला. मी तो पहिल्याच दिवशी पाहिला होता. आयएसबीएनचा भाग माझ्या सहकाऱ्याचा, तो बघेल असं मी धरलं. मी पाहिलंय म्हणजे मी उत्तर देईन असं त्याने धरलं.

उशीर झाला असला तरी अशा प्रत्येकाला उत्तर द्या, आणि ते एकेकाला, स्वतंत्र लिहून. मी साधारण असं लिहिलं: "तुमच्या पॅचकडे आम्ही वेळेवर लक्ष दिलं नाही, ही चूक आमची. आज चालवून पाहिला, बरोबर आहे. तुमच्याच नावाने घेतला आहे. तुम्ही आणखी काही करावं अशी अपेक्षा नाही." शेवटचं वाक्य गाळू नका. वर्षभराने उत्तर द्यायचं आणि त्याच श्वासात पुढचं काम सांगायचं, हे समोरच्याला फार लागतं. एकोणिसांपैकी चौघांनी उलट लिहिलं आणि त्यातली एक जण पुढे टिकली. एक्सवाल्या तरुणाने "धन्यवाद" एवढंच कळवलं. तो परत आला नाही.

हे आमच्यापुरतंच आहे असं समजू नका. इंग्रजी विकिपीडियावर सक्रिय संपादकांची संख्या २००७ साली शिखरावर होती, नंतर ती उतरत गेली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी त्याचं एक मोठं कारण दाखवलं. चांगल्या हेतूने आलेल्या नवख्यांची संपादनं अधिकाधिक प्रमाणात परतवली जाऊ लागली होती, आणि त्यात स्वयंचलित साधनांचा मोठा वाटा होता. खोडसाळपणा रोखायला केलेल्या तटबंदीला नवखे येऊन धडकत होते. आमच्याकडे तटबंदी नव्हती, पण दार उघडायलाही कुणी नव्हतं, आणि बाहेर उभ्या असलेल्याच्या दृष्टीने दोन्ही सारखंच.

उत्तराची पाळी लावा

"सगळ्यांनी लक्ष ठेवा" म्हटलं की कुणीच ठेवत नाही. एका आठवड्याला एक माणूस, नाव लिहून, सगळ्यांना दिसेल अशा जागी. पाळीवरच्या माणसाचं काम एकच, नव्याने आलेल्याला दोन दिवसांत माणसाने लिहिलेलं उत्तर मिळालं पाहिजे. प्रश्न सोडवणं हे त्याचं काम नाही. "पाहिलं. मला या भागातलं कळत नाही, ज्यांना कळतं त्यांना विचारते, शुक्रवारपर्यंत कळवते," एवढं पुरे. शुक्रवारी मात्र कळवा, काही हाती लागलं नसलं तरी.

नकारही लवकर द्या. एखादी सूचना आपल्याला घ्यायचीच नसेल तर ती सहा महिने "बघू" म्हणून लटकत ठेवण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी कारणासकट नाही म्हणा. ज्यांना मी स्पष्ट नाही म्हटलं त्यातले कितीतरी जण दुसरं काम घेऊन आले. ताटकळलेल्यांपैकी क्वचितच कुणी आलं.

गेलेल्यांशी बोला

जाहीर आवाहन करू नका. "जुने सदस्य कुठे आहेत?" असं विचारलं की जे हजर आहेत तेच अपराधी चेहऱ्याने उत्तर देतात. फोन करा, एकेकाला. "का सोडलंत?" असंही विचारू नका. या प्रश्नाला "वेळ मिळत नाही" हे एकच उत्तर असतं. मी विचारायचे, "शेवटचं काम केलंत तेव्हा काय चाललं होतं, आठवतं का?" मग माणूस बोलायला लागतो.

आठ जणांशी बोलले. तिघांचं आयुष्य खरोखर बदललं होतं. एकाच्या घरी बाळ, एकाची नोकरी बदललेली, एकीचं आजारपण. त्यांना मी फक्त खुशाली विचारली. बाकीच्या पाचांपैकी तिघांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच सांगितलं. त्यातली एक म्हणाली, "ताई, तुम्ही दोघं संध्याकाळी फोनवर ठरवायचात. आम्हाला कळायचं ते ठरून झाल्यावर. मग आम्ही मत कशावर द्यायचं?"

हे ऐकून मला झोप लागली नाही. आम्ही लपवाछपवी करत नव्हतो. दोघंच उरलोय, भराभर ठरवू, एवढाच विचार होता. पण दोघंच का उरलो त्याचं अर्धं उत्तर त्याच फोनमध्ये होतं.

तेव्हापासूनचा आमचा नियम असा. फोनवर बोला, भेटून बोला, पण निर्णय सगळ्यांना दिसेल अशा जागी लिहूनच होईल, आणि लिहिल्यावर तीन दिवस थांबायचं. तीन दिवस हे आम्ही अनेक ओपन सोर्स प्रकल्प जिच्या छत्राखाली चालतात त्या अपाची फाउंडेशनच्या पद्धतीवरून उचललं. तिथे मतदान साधारणपणे किमान ७२ तास खुलं ठेवतात, म्हणजे वेगळ्या वेळेला जागणाऱ्या, नोकरी करून येणाऱ्या माणसालाही बोलायला सवड मिळते. पहिले दोन महिने आमच्या प्रस्तावांवर कुणीही काही बोललं नाही. तरी आम्ही थांबत राहिलो. तिसऱ्या महिन्यात एकाने हरकत घेतली, आणि ती बरोबर होती.

पहिला तास

नवीन माणसाचा पहिला तास कसा जातो ते स्वत:च्या डोळ्यांनी बघा. आपलं सॉफ्टवेअर कधीच न पाहिलेल्या कुणालातरी शेजारी बसवा, किंवा त्याची स्क्रीन बघत बसा. त्याच्या हातात फक्त तुमची मदतपुस्तिका द्या आणि तोंड बंद ठेवा. हे फार अवघड आहे. मी ज्या मुलीबरोबर बसले ती चौथ्या पायरीवर अडली. पुस्तिकेत जी नमुना फाइल उघडायला सांगितली होती तिचं नाव आम्ही तीन वर्षांपूर्वी बदललं होतं. तिने ती फाइल अकरा मिनिटं शोधली. मधे दोनदा म्हणाली, "माझंच काहीतरी चुकत असेल." तिच्याजागी एकटं बसलेलं कुणी असतं तर पाचव्या मिनिटाला खिडकी बंद करून निघून गेलं असतं, आणि आम्हाला ते आल्याचंही कळलं नसतं. ती पुस्तिका त्याच रात्री आम्ही दोघींनी मिळून दुरुस्त केली. गटातलं तिचं पहिलं काम तेच.

छोटी कामं राखून ठेवा. जाणत्या माणसाला दहा मिनिटांत होणारं काम दिसलं की हात शिवशिवतात आणि तो ते उरकून टाकतो. तसं करू नका. काय बिघडलंय, कोणत्या फाइलमध्ये बघायचं, झालं हे कशावरून ओळखायचं आणि अडलं तर कुणाला विचारायचं, हे पाच-सहा ओळींत लिहा आणि ते काम तसंच सोडा. लिहायलाच वीस मिनिटं जातात, म्हणजे स्वत: करण्यापेक्षा दुप्पट. तरीही लिहा.

गर्दी जमवण्याच्या मोहात पडू नका. २०२० साली हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात ओपन सोर्स प्रकल्पांना ठरावीक संख्येने पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल आत घ्या अशा विनंत्या, पाठवणाऱ्यांना टी-शर्ट मिळणार होता. परिणामी असंख्य प्रकल्पांवर एखादा शब्द इकडचा तिकडे केलेल्या निरर्थक बदलांचा पाऊस पडला. शेवटी आयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलावा लागला आणि ज्या प्रकल्पांची इच्छा असेल त्यांनीच भाग घ्यावा असं ठरलं. थकलेल्या गटाच्या दारात अशी लाट आली तर उरलेली माणसंही जातील.

किल्ल्या

गटाची ताकद किती माणसांच्या हातात आहे, याला तंत्रज्ञ बस फॅक्टर म्हणतात. उद्या कितीजण अचानक नाहीसे झाले तर काम थांबेल, तो आकडा. आमचा एक होता. रिलीज, म्हणजे नवी आवृत्ती, काढायची किल्ली, डोमेनचा पासवर्ड, सर्व्हरचं खातं, सगळं माझ्याकडे. मला ते ओझं वाटायचं. इतरांना ती भिंत वाटत होती. तीन-तीन वर्षं काम करूनही कुणाला एक बदल स्वत:च्या हाताने आत घेता येत नव्हता. माणूस किती काळ विचारत राहील?

तेव्हा अधिकार वाटा, आणि नीट वाटा. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेचे जनक गुइदो व्हान रॉसम २०१८ साली अंतिम निर्णयाच्या जागेवरून बाजूला झाले. त्यानंतर तिथल्या समूहाने पाच जणांची निवडून आलेली समिती नेमली आणि भाषेचं काम चालू राहिलं. एका माणसाच्या जागी पुन्हा एकच माणूस बसवायची गरज नसते.

इथे सावधपणा मात्र हवाच. एक्सझेड नावाचं फायली दाबून लहान करणारं एक साधन आहे, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या बहुतेक वितरणांत, म्हणजे तयार संचांत, असतं. ते वर्षानुवर्षं मुख्यत: एकच माणूस फुकट सांभाळत होता. २०२२ साली त्याने उघडपणे लिहिलंही होतं की आपलं मानसिक स्वास्थ्य बरेच दिवस ठीक नाही आणि हे बिनपगारी छंदाचं काम आहे. त्याच सुमारास काही अनोळखी खात्यांनी तगादा लावला की काम पुढे सरकत नाही, दुसऱ्या कुणाच्या हातात द्या. हाताशी एक उत्साही मदतनीस होताच. त्याला हळूहळू अधिकार मिळाले, आणि २०२४ च्या सुरुवातीला ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये त्याने चोरवाट पेरली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रावर लॉगिन करताना साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. तो खोलात शिरला आणि २९ मार्च २०२४ ला त्याने सगळं जाहीर केलं, म्हणून मोठा अनर्थ टळला.

मला यात दिसतो तो रात्री एकटा बसून काम करणारा थकलेला माणूस. त्याच्यावर ओरडणारे होते, पण त्याच्या बाजूने बोलणारं आसपास कुणी नव्हतं. आपल्या गटात कुणी सांभाळणाऱ्यावर असा तगादा लावला तर बाकीच्यांनी लगेच मधे पडायचं, हे आधीच ठरवून ठेवा. किल्ल्या देताना घाई करू नका, दबावाखाली तर देऊच नका. आम्ही आधी उत्तराची पाळी देतो, मग इतरांचे पॅच तपासायचं काम, मग बदल आत घ्यायचा अधिकार. रिलीजला दोघांची संमती लागते, आणि त्या दोघांत मी दरवेळी नसते. पासवर्ड तिघांकडे आहेत. या टप्प्यांना आमच्याकडे साधारण वर्ष लागतं.

ठरलेली तारीख

तारीख ठरली की माणसं येतात. उबुंटू या लिनक्स वितरणाची आवृत्ती २००४ पासून जवळजवळ न चुकता दर सहा महिन्यांनी, सहसा एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये निघते, म्हणून ज्याला काही करायचंय त्याला कधीपर्यंत ते माहीत असतं. आम्ही वर्षातून दोन तारखा धरल्या. तीनच दुरुस्त्या झाल्या असतील तर तीनच घेऊन निघायचं. रिलीजच्या टिपणात प्रत्येकाचं नाव घालायचं, फक्त एखादी चूक कळवणाऱ्याचंही.

थांबायचं असेल तर

हे सगळं वर्षभर करूनही दुसऱ्यांदा येणाऱ्यांचा रकाना रिकामाच राहिला, आणि तुम्हीही दमला असाल, तर थांबा. यात कमीपणा नाही. अपाची फाउंडेशनने २००८ साली यासाठी अॅटिक, म्हणजे माळा, नावाची सोयच केली. काम थांबलेले प्रकल्प तिथे नीट ठेवले जातात, कोड वाचता येतो, पण कुणी तो सांभाळत नाही हे स्पष्ट लिहिलेलं असतं. डेबियन या लिनक्स वितरणात एखाद्याला आपल्याकडचं पॅकेज, म्हणजे त्यातलं एखादं सॉफ्टवेअर, सांभाळणं जमेनासं झालं की तो ते पोरकं म्हणून जाहीर करतो, म्हणजे दुसऱ्याला दत्तक घेता येतं.

आमच्या वाईट दिवसांत मी असं टिपण लिहून ठेवलं होतं. अजून आहे माझ्याकडे. तुम्हाला लिहावं लागलं तर त्यात एवढं असू द्या: थांबण्याची तारीख, किमान तीन महिने पुढची. त्या तारखेनंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत, हे ठळक. कुणाला पुढे न्यायचं असेल तर कुणाशी बोलायचं. डोमेन आणि शिल्लक पैशांचं काय होणार. ज्यांनी ज्यांनी काम केलं त्यांची पूर्ण यादी. आणि वापरणाऱ्यांना आपली माहिती बाहेर काढता येईल अशी शेवटची आवृत्ती. आमच्या बाबतीत याचा अर्थ सगळ्या नोंदी मार्क या ग्रंथालयांच्या प्रमाण स्वरूपात निघाल्या पाहिजेत. ते काम आम्ही थांबायची वेळ यायच्या आधीच पूर्ण करून ठेवलं आहे, आणि दर रिलीजला एका खऱ्या ग्रंथालयाच्या नोंदींवर तपासून पाहतो.